हेड गॅस्केट खरंच गेलंय का, आणि गेलं असेल तर घरी कसं बदलायचं

'गाडी पाणी खातेय' एवढं ऐकलं की कोपऱ्यावरचा मेकॅनिक बॉनेट उघडायच्या आधीच सांगून मोकळा होतो, 'हेडचं पॅकिंग गेलं', म्हणजे इंजिनाचा वरचा भाग (हेड) आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं गॅस्केट फाटलं. कधी ते खरंही असतं. पण पुष्कळदा पाणी रेडिएटरच्या ढिल्या झाकणातून, वॉटर पंपाच्या सीलमधून किंवा डॅशबोर्डमागच्या हीटरमधून जात असतं. हेड उतरवणं म्हणजे दोन शनिवार-रविवारांची निश्चिंती, म्हणून पाना हातात घेण्याआधी पुरावा गोळा करा. गॅस्केट गेलंच असेल तर ते कशामुळे गेलं हेही शोधा. गॅस्केट आपणहून क्वचितच मरतं, बहुतेक वेळा त्याला कुणीतरी तापवून मारलेलं असतं. तो गुन्हेगार गाडीतच राहिला तर नवं गॅस्केटही त्याच वाटेने जाणार.

इथे लिहिलेलं आहे ते टायमिंग बेल्टवर, म्हणजे क्रँकवरून (पिस्टनने फिरणारा दांडा) कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) फिरवणाऱ्या पट्ट्यावर, चालणाऱ्या लहान पेट्रोल इंजिनांसाठी, म्हणजे मारुती ८०० किंवा ७९६ सीसीची अल्टो अशा गाड्यांसाठी. मारुतीच्याच के-सीरिजसारख्या इंजिनांत टायमिंग चेन असते. तिथे पुढचं कव्हर, चेन, टेन्शनर असं काम वाढत जातं आणि पहिल्याच प्रयत्नात ते घरी करू नये. डिझेलमध्ये पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो ते मोजून त्या जाडीचं गॅस्केट निवडावं लागतं, तेही इथे सोडून देऊ.

लक्षणं आणि फसवी लक्षणं

हेड आणि ब्लॉक यांच्यामध्ये बसलेलं गॅस्केट तीन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या ठेवतं: सिलिंडरमधला स्फोट, कूलंट आणि ऑइल. ते कुठे फाटलं त्यावर गाडी काय दाखवणार ते ठरतं. सिलिंडर आणि पाण्याची वाट एक झाली तर रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात, सकाळी पहिल्या स्टार्टला गाडी मिसिंग करते आणि सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर निघतो. दोन सिलिंडरमधली पट्टी जळली तर पाणी जराही कमी होत नाही, फक्त ताकद जाते आणि इंजिन थरथरतं. पाणी आणि ऑइल एक झालं तर डिपस्टिकवर कॉफीसारखा फेस दिसतो.

या फेसाबद्दल मुंबईकरांनी जरा सबुरीने घ्यावं. पावसाळ्यात स्टेशनपर्यंत आणि परत एवढीच फिरणारी गाडी नीट तापतच नाही. दमट हवेतली वाफ ऑइल भरायच्या झाकणाखाली गोठून तिथे पिवळट लोणी साचतं. ते फक्त झाकणालाच असेल आणि डिपस्टिक स्वच्छ असेल, तर गाडी एक्सप्रेस हायवेवर तासभर सलग चालवून पुन्हा बघा. खात्री हवी असेल तर गाडी रात्रभर उभी ठेवा आणि सकाळी सम्पचा (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीचा) ड्रेन बोल्ट हळूच ढिला करा. पाणी ऑइलपेक्षा जड असल्यामुळे तळाला बसतं आणि आधी तेच टपकतं.

दुसरी गल्लत पाणी तुंबल्यावर होते. हिंदमाता किंवा मिलन सबवेच्या पाण्यातून आणलेली गाडी मध्येच बंद पडली असेल, तर पाणी एअर फिल्टरमधून थेट सिलिंडरमध्ये गेलेलं असू शकतं. अशा गाडीला पुन्हा पुन्हा स्टार्टर मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. ते दुखणं वेगळं, त्याचा गॅस्केटशी संबंध नाही. आधी स्पार्क प्लग काढा, मगच इंजिन फिरवा.

टेंपरेचरचा काटाही फसवतो. कूलंट फारच कमी झालं की सेन्सर पाण्याऐवजी हवेत लटकतो, आणि काटा खाली येतो. उकळत्या गाडीचा काटा अचानक पडला म्हणजे गाडी निवाली असं समजू नका, लगेच बंद करा.

चार चाचण्या

पहिलीला काही खर्च नाही. रात्रभर थंड झालेल्या गाडीचं झाकण काढा, पाणी काठोकाठ भरा, गाडी सुरू करा आणि रेडिएटरच्या तोंडाकडे बघत बसा. सुरुवातीला अडकलेली हवा निघते, तिचे बुडबुडे विरळ होत थांबतात. गॅस्केट गेलं असेल तर ते थांबत नाहीत, आणि ॲक्सिलरेटर दाबला की वाढतात. झाकण लावून हीच चाचणी अशीही होते: थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरात वरचा होज पाइप दगडासारखा कडक झाला तर तो दाब उष्णतेचा नाही, स्फोटाच्या वायूचा आहे. पाणी तापून दाब चढायला कितीतरी जास्त वेळ लागतो. गरम गाडीचं झाकण मात्र कधीही उघडू नका. वाफेने तोंड भाजायला एक क्षण पुरतो.

दुसरी चाचणी निळ्या द्रावणाची. रेडिएटरच्या तोंडावर काचेची नळी बसवून आतली हवा त्या द्रावणातून ओढायची. त्या हवेत स्फोटाच्या वायूतला कार्बन डायऑक्साइड असेल तर पेट्रोल गाडीत निळा रंग पिवळा होतो. आधी रेडिएटरमधलं पाणी दोन-तीन इंच कमी करा, नाहीतर कूलंट नळीत ओढलं जातं आणि द्रावण फुकट जातं. या एका चाचणीवर सगळ्यात जास्त विश्वास ठेवावा.

तिसरी कॉम्प्रेशनची, म्हणजे प्रत्येक सिलिंडर हवा किती दाबतो ते गेजने मोजायची. सगळे प्लग काढा, इग्निशन आणि पेट्रोल तोडा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा फेरे द्या. आकड्यापेक्षा आकड्यांमधला फरक महत्त्वाचा. तीन सिलिंडरचे १७०, १६५, १६८ पीएसआय असे आले तर ठीक. ९०, ८५, १६८ आले, म्हणजे शेजारचे दोन पडले, तर त्यांच्या मधली पट्टी जळली आहे. एकच पडला असेल तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंग झिजल्या आहेत, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. मात्र गॅस्केट फक्त पाण्याच्या बाजूला बारीक फाटलं असेल तर कॉम्प्रेशन अगदी धडधाकट येतं. त्यामुळे चांगला आकडा आला म्हणून गॅस्केट निर्दोष सुटत नाही.

चौथी प्रेशर पंपाची. झाकणावर जो दाब छापलेला असतो, बहुधा ०.९ किंवा १.१ बार, तेवढा दाब थंड रेडिएटरला द्या आणि पंधरा मिनिटं थांबा. काटा पडला आणि बाहेर कुठेही ओल नाही, तर प्लग काढून इंजिन फिरवा. ज्या भोकातून फवारा उडाला तो सिलिंडर सापडला. पॅसेंजर बाजूचं मॅट ओलं निघालं तर हीटर गळतोय, आणि तुमचे दोन रविवार वाचले.

रेडिएटरमध्ये हळद टाकायचा जुना ट्रक ड्रायव्हरी उपाय रेडिएटरच्या सुईएवढ्या भोकाला वेळ निभावून नेतो. हेड गॅस्केटला ना हळद चालते ना बाटलीतलं स्टॉप-लीक. स्फोटाच्या दाबापुढे ते टिकत नाही. उलट रेडिएटरच्या बारीक नळ्या तुंबतात आणि गाडी आणखी तापते.

जागा आणि सामान

जून ते सप्टेंबर उघड्या पार्किंगमध्ये इंजिन खोलू नका. स्टिल्ट पार्किंग असेल तर सेक्रेटरींना आधी सांगून ठेवा, कारण चाकं न हलणारी गाडी दोन आठवडे एकाच जागी राहणार आहे. स्टॅक पार्किंगमध्ये हे काम होत नाही.

मुंबईत अवजारांसाठी नागदेवी स्ट्रीटला जा. चांगला टॉर्क पाना (बोल्ट ठरलेल्या जोराने आवळायचा), लांब सॉकेट, ०.०५ मिमीपासूनचं फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) आणि खात्रीची सरळ पट्टी, या चार वस्तूंत काटकसर नको. सुटे भाग ऑपेरा हाउसच्या बाजूला किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडला मिळतात. पण हेड गॅस्केट आणि हेड बोल्ट कंपनीचेच घ्या. सोबत व्हॉल्व्ह कव्हरचं पॅकिंग, दोन्ही मॅनिफोल्डची (हवा आत आणणाऱ्या आणि धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांची) पॅकिंगं, व्हॉल्व्ह सील, टायमिंग बेल्ट, टेन्शनर, थर्मोस्टॅट, रेडिएटरचं झाकण, ऑइल, फिल्टर आणि कूलंट. वॉटर पंप टायमिंग बेल्टवर चालणारा असेल तर तोही आत्ताच बदला. आणि तुमच्या इंजिनाचं सर्व्हिस मॅन्युअल हवंच. टॉर्कचे आकडे अंदाजाने किंवा ऐकीव घेऊन हे काम होत नाही.

हेड उतरवणं

आदल्या रात्री एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या नटांवर गंज सोडवणारं ऑइल मारून ठेवा. खाऱ्या हवेत ते नट असे धरतात की जोर केला तर स्टडच तुटून हातात येतो.

सकाळी पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून गाडी सुरू करा आणि ती आपोआप बंद पडू द्या, म्हणजे लाइनमधला दाब जातो. मग बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. रेडिएटरच्या खालच्या बुचातून कूलंट टबात घ्या, लहान गाडीत साधारण तीन-चार लिटर निघेल. टब लगेच झाका. कूलंट चवीला गोड असतं आणि विषारी. सोसायटीतली मांजरं ते चाटतात आणि मरतात. ऑइलही काढून टाका.

प्रत्येक होज आणि वायरच्या दोन्ही टोकांना कागदी टेप लावून तोच आकडा लिहा, आणि काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या. एअर फिल्टरचा डबा, वायरिंग, दोन्ही मॅनिफोल्ड आणि व्हॉल्व्ह कव्हर काढा. क्रँकच्या बोल्टवर पाना लावून पहिला सिलिंडर टीडीसीला (पिस्टन सगळ्यात वर) आणा, कॅमची खूण जुळली का बघा आणि मगच बेल्ट सोडा. बेल्ट निघाल्यावर कॅम किंवा क्रँक उगाच फिरवू नका, पिस्टन व्हॉल्व्हला लागू शकतो. काही गाड्यांत बेल्टच्या बाजूचं इंजिन माउंटिंग काढावं लागतं. तिथे सम्पखाली लाकडाचा ठोकळा ठेवून जॅकने इंजिन पेला.

हेड बोल्ट इंजिन पूर्ण थंड असतानाच सोडायचे, बाहेरून आत, घट्ट करायच्या उलट क्रमाने. पहिल्या फेरीत प्रत्येकाला पाव फेरा, मग अर्धा, मग मोकळे. एका बाजूचे आधी सोडले तर ॲल्युमिनियमचं हेड जागेवरच वाकतं. पुठ्ठ्यावर हेडचा आकार काढून भोकं पाडा आणि निघालेला प्रत्येक बोल्ट ज्याच्या त्याच्या भोकात खोचा. हेड चिकटून बसलं असेल तर पोर्टमध्ये (हेडमधल्या हवेच्या किंवा धुराच्या वाटेत) लाकडी दांडा घालून हलवा. सांध्यात पेचकस घालून उचकटू नका, तिथे पडलेला ओरखडा पुढे गळती होतो. हेड दोघांनी उचला आणि दोन लाकडांवर ठेवा, व्हॉल्व्ह टेकू देऊ नका.

गुन्हेगार वाचणं

आता घाई नको. जुनं गॅस्केट उजेडात धरा. दोन सिलिंडरमधल्या पट्टीवर काळी जळकी रेघ, किंवा सिलिंडरच्या कड्यापासून पाण्याच्या भोकापर्यंत गेलेला तांबूस गंजाचा माग, यांपैकी एक दिसेल. पिस्टनही बोलतात. बाकीचे कार्बनने काळे आणि एक वाफेने धुऊन निघाल्यासारखा लख्ख असेल, तर पाणी तिथेच शिरत होतं.

मग हेड मोजा. तळ स्वच्छ पुसून त्यावर सरळ पट्टी सहा रेषांत ठेवा: दोन लांबीत, दोन टोकांना आडव्या, दोन तिरप्या. पट्टीखाली फिलर गेज कुठे शिरतं ते बघा. लहान इंजिनांत मर्यादा बहुधा ०.०५ मिमीच्या आसपास असते, तुमचा आकडा मॅन्युअलमधून घ्या. ब्लॉकचा माथाही असाच मोजा. लोक हेड घासून आणतात आणि ब्लॉक बघतच नाहीत.

मर्यादेबाहेर गेलं तर हेड मशीन शॉपला द्या. फेसिंग (तळ घासून सपाट) करायच्या आधी गरम पाण्यात प्रेशर टेस्ट करून घ्या. दोन व्हॉल्व्हच्या मधली भेग डोळ्यांना दिसत नाही, आणि भेगलेलं हेड घासून उपयोग काय? फेसिंग कमीत कमी करायला सांगा. फार कापलं तर कॉम्प्रेशन वाढतं आणि हेड किमान उंचीखाली जातं. परत आल्यावर कॅम हाताने फिरवून बघा. हेड केळ्यासारखं वाकलं असेल तर फेसिंगने फक्त खालचा तळ सपाट होतो, वरची कॅमची ओळ वाकडीच राहते आणि कॅम एका जागी जड जातो. असं हेड बसवू नका.

हेड उलटं करून, प्लग लावून, चेंबरमध्ये डिझेल भरा. दहा मिनिटांत पोर्टमधून टिपकलं तर व्हॉल्व्ह लॅपिंगही (व्हॉल्व्ह आणि त्याची बैठक घासून जुळवणं) करून घ्या. व्हॉल्व्ह सील याच वेळी बदला.

साफसफाई, जिथे बहुतेकांचं बिघडतं

सिलिंडरमध्ये आणि पाण्या-ऑइलच्या भोकांत स्वच्छ फडकी कोंबा. जुनं पॅकिंग प्लॅस्टिकच्या खरवडणीने आणि गॅस्केट रिमूव्हरने काढा. ड्रिलवरची खरखरीत चकती लावू नका. ती ॲल्युमिनियम खाते, आणि तिची कठीण धूळ ऑइलमधून बेअरिंगपर्यंत जाऊन त्यांना घासते.

त्यानंतर ब्लॉकमधली बोल्टची भोकं. ती बहुधा तळाला बंद असतात आणि हेड उचलताना त्यांत कूलंट सांडतं. तसाच बोल्ट आवळला तर खाली अडकलेलं पाणी दबत नाही. टॉर्क पाना 'टक्' करतो, बोल्ट मात्र हेडला धरतच नाही, आणि जोर वाढवला तर ब्लॉक तडकतो. केमिस्टकडून २० मिलीची सिरिंज आणा, तिला बारीक नळी लावा, प्रत्येक भोकाच्या तळाचं पाणी ओढून घ्या आणि मग काडीला चिंधी गुंडाळून तळ कोरडा करा. काडी कोरडी वर येईपर्यंत. जुन्या बोल्टच्या लांबीत, आट्यांना छेदणाऱ्या उभ्या खाचा पाडून तो हाताने आत-बाहेर फिरवला की भोकाचे आटे साफ होतात.

बसवणं

मॅन्युअलमध्ये शेवटची पायरी अंशांत दिली असेल, म्हणजे '९० अंश' अशी, तर ते बोल्ट ताणले जाण्यासाठीच बनवलेले आहेत आणि ते दर वेळी नवेच घालायचे. बाकीच्यांची मान बारीक झालेली किंवा आटे ओढलेले दिसले तर तेही फेका. मॅन्युअल सांगत असेल तरच आट्यांना आणि टोपीखाली ऑइलचा थेंब लावा. कोरड्या आणि ओल्या बोल्टला एकाच टॉर्कवर वेगवेगळा ताण येतो.

नवं गॅस्केट जुन्यावर ठेवून एकूण एक भोक जुळवा. मग ब्लॉकवर दोन्ही डॉवेल (हेड नेमकं बसवणाऱ्या खुंट्या) जागेवर आहेत ना ते बघून, 'टॉप' लिहिलेली बाजू वर ठेवून ते कोरडंच बसवा. मॅन्युअल सांगत नसेल तर सीलंट, ग्रीस काहीही नाही. हेड सरळ खाली उतरवा. घसटत सरकवलं तर गॅस्केटवरचा थर खरवडला जातो.

बोल्ट मधून बाहेरच्या क्रमाने, तीन फेऱ्यांत आवळा. अंतिम टॉर्क ६० न्यूटन-मीटर असेल तर २५, ४५, ६०. पान्याची पट्टी कुठल्या मापाची आहे ते दोनदा बघा. फुट-पाउंडच्या पट्टीवर ६० लावले तर बोल्टवर ८१ न्यूटन-मीटर पडतात. जुनी मॅन्युअल्स किलोग्रॅम-मीटरमध्येही लिहितात, तिथे ६ म्हणजे साधारण ५९ न्यूटन-मीटर. पाना एकदा 'टक्' झाला की थांबा, खात्रीसाठी दुसरा टक् घेतला की बोल्ट जास्त आवळला जातो. अंशांची पायरी असेल तर प्रत्येक टोपीवर नेलपॉलिशचा ठिपका द्या. सगळे ठिपके एकाच दिशेला असले पाहिजेत आणि शेवटी सगळे काटकोनात वळलेले.

बेल्ट खुणांवर बसवा, मॅन्युअलप्रमाणे ताण द्या आणि स्टार्टर मारण्याआधी क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा. कुठे कडक लागलं तर जोर न करता थांबा, खुणा चुकल्या आहेत. टॅपेट सेटिंग (व्हॉल्व्हची फट) बघा, मग बाकी सगळं टेपवरच्या आकड्यांप्रमाणे परत जोडा.

पहिला स्टार्ट

नवं ऑइल आणि फिल्टर. कूलंट तयार मिश्रण घ्या किंवा डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मं-निम्मं करा. टँकरचं किंवा बोअरचं पाणी घातलं तर आत क्षार बसतात. गाडीचं तोंड थोडं वर करा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, झाकण उघडं ठेवून इंजिन सुरू करा आणि वरचा होज दाबत दाबत हवा काढा. थर्मोस्टॅट उघडला की, साधारण ८२ ते ८८ अंशांना, पातळी एकदम खाली जाते. तेवढं भरा, झाकण लावा. जुनं ऑइल फेसाळ झालेलं असेल तर वीस मिनिटांनी हे नवं ऑइलही फेकून पुन्हा भरा. फेसाळ ऑइलवर गाडी फार दिवस चालली असेल आणि खालून ठोके ऐकू येत असतील, तर बेअरिंगही गेली आहेत. मग ते काम घरचं राहिलं नाही.

आता मूळ गुन्हेगार. एसी लावून गाडी जागेवर उभी ठेवा, रेडिएटरचा पंखा फिरतो का? एसी बंद करून तापू द्या, पंखा आपणहून लागतो का? सायनला सिग्नलवर वीस मिनिटं अडकलेल्या गाडीला वारा फक्त हा पंखाच देतो. त्याची मोटर, रिले किंवा स्विच मेलेला असेल तर तो आत्ताच बदला. रेडिएटरच्या जाळीत चिखल अडकला असेल तर पाण्याच्या हलक्या धारेने मागून पुढे धुवा.

जुनं कूलंट आणि ऑइल वेगवेगळ्या कॅनमध्ये भरून, त्यावर नाव लिहून, वापरलेलं ऑइल घेणाऱ्या गॅरेजला द्या. गटारात ओतू नका.

पहिले दहा दिवस रोज सकाळी, इंजिन थंड असताना, पातळी बघा आणि तोवर बोर घाट चढू नका. पहिल्या एक-दोन दिवसांत कपभर पाणी कमी झालं तर ती अडकलेली हवा निघाली, भरून टाका. तिसऱ्या-चौथ्या दिवशीही कमी होत असेल तर पुन्हा प्रेशर पंप लावा, निळं द्रावण घ्या आणि पहिल्या चाचणीपासून सुरुवात करा.